हार घातलेला माणूस

नवऱ्याच्या बदलीचा कागद कधीही येईल अशी हवा होती, आणि अशा दिवसांत गिरिजाचं कुठेच चित्त लागत नसे. घरी असली की ऑफिसातलं अर्धवट काम आठवायचं, ऑफिसात असली की माळ्यावरच्या काळ्या ट्रंका डोळ्यांपुढे यायच्या. रुपेश लष्करात लेफ्टनंट कर्नल. चंडीमंदिरच्या छावणीत त्यांना घर मिळालं होतं, आणि त्या घरातले पडदे आधीच्या दोन गावांच्या खिडक्यांच्या मापाचे होते. जिथे बदली होईल तिथे गिरिजा काहीतरी काम शोधायची. मूळची ती कऱ्हाडची, ग्रंथालयशास्त्र शिकलेली. कधी शाळेचं ग्रंथालय, कधी कुठल्या संस्थेची जुनी कागदपत्रं. काम रंगात यायचं आणि ट्रक दारात उभा राहायचा.

चंदीगडला तिला मध्य मार्ग या मोठ्या रस्त्याजवळच्या एका अभिलेखागारात करारावर काम मिळालं. आसपासच्या छोट्या गावांच्या कारभाऱ्यांची चरित्रं जमवायची, असं ते काम होतं. नगर समितीचा अध्यक्ष, पाण्याची टाकी हट्टाने बांधून घेणारी बाई, मुलींच्या शाळेसाठी स्वतःची जागा देणारा हकीम. राज्याच्या इतिहासात ज्यांना ओळभर जागा मिळत नाही अशी माणसं. गिरिजा मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांतून, पिंजौरच्या बाजारातून, कालक्याच्या चढावरून हिंडली. नातवंडांना फोन केले, म्हाताऱ्यांचे आवाज रेकॉर्ड केले, फोटो गोळा केले. त्याचं आता प्रदर्शन लागलं होतं आणि पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं.

त्या प्रदर्शनात एक म्हातारी पुन्हा पुन्हा येऊ लागली.

पांढरी चुन्नी, फिक्या रंगाचा सलवार-कमीज, हातात कापडी पिशवी. बाकीच्या फोटोंकडे ती बघतही नसे. सरळ कोपऱ्यातल्या एका फलकापुढे जाऊन उभी राहायची. कोणी शेजारी आलं की बाजूला सरकायची, ते गेलं की परत जागेवर. एकदा कॉलेजच्या मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीने जाता जाता सवयीने त्या फोटोला हात जोडले. तेव्हा म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, की गिरिजाला काउंटरमागे बसवेना. ती खुर्ची घेऊन गेली.

"मांजी, बसा. किती वेळ उभ्या आहात."

"बसायला नको, पुत्तर. बसलं की दिसत नाही." म्हातारीने फोटोखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय, वाचून दाखव."

गिरिजाने वाचलं. लाला परसराम बन्सल, टिपरोली नगर समितीचे अध्यक्ष. गावात पहिली बस यांनी आणली.

म्हातारीने चुन्नीचं टोक तोंडाशी धरलं. ती हसतेय की रडतेय ते गिरिजाला आधी कळेना. हसत होती.

"परसराम! बरं. असू दे."

"असू दे म्हणजे? ओळखत होता तुम्ही त्यांना?"

"लालाजींना कोण ओळखत नव्हतं? पण हे लालाजी नाहीत. हे आमच्या घरचे आहेत." तिने आजूबाजूला पाहिलं, आणि मग जरा मोठ्याने म्हणाली, "आता नाव घ्यायला काय हरकत. ऐकून रागावणारं कोणी उरलं नाही. गुरदास. माझा नवरा. त्या बसचा ड्रायव्हर."

गिरिजाने पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"पण त्यांच्या गळ्यात तर हार आहे," ती म्हणाली. बोलताना तिचं तिलाच ते किती खुळं आहे ते जाणवलं.

"हो ना. आहे." म्हातारीने अभिमानाने मान हलवली. मग एकदम गिरिजाचं मनगट धरलं. "काढू नकोस हं. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. पिठाच्या गिरणीत वर्तमानपत्र आलं होतं, त्यात हा छापला होता, म्हणून मला कळलं. तुमचं काय जातंय? नाव लालाजींचं, तोंड त्यांचं. राहू दे तसंच."

ती पिंजौरच्या बसला उशीर होतोय म्हणत निघून गेली. नाव विचारल्यावर दारातूनच म्हणाली, "विद्यावंती."

गिरिजाने कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. कालक्याच्या एका जुन्या स्टुडिओच्या मालकाच्या मुलांनी निगेटिव्हची खोकी अभिलेखागाराला दिली होती, हा त्यांतलाच. पाकिटावर एवढंच लिहिलेलं: टिपरोली बस, उद्घाटन, लाला परसराम. फोटोत बस, बसपुढे घोळका, आणि मधोमध झेंडूचा हार घातलेला रुंद चेहऱ्याचा, दाट मिशांचा माणूस. उद्घाटन म्हटलं की हार अध्यक्षाच्याच गळ्यात असणार, असं तिने धरलं होतं. बाकीचे कापून तिने त्याचा एकट्याचा चेहरा मोठा केला होता. लालाजींच्या नातवाला पाठवून विचारलंही होतं. त्याचं उत्तर अजून फोनमध्ये होतं: हात जोडलेली चित्रं आणि 'जी मॅडम, हेच आमचे दादाजी'.

मग आपली चूक कशी? पण चूक आपलीच होती, हे तिला खुर्चीत बसल्या बसल्या पक्कं कळत होतं. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली, परत उठली.

घरी गेली तर बदलीचा कागद आलेला होता. तेजपूर.

"जूनच्या आत निघायचं," रुपेश चहा घेत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीसारखा नव्या जागेचा हुरूप होता. त्यांची लेक ईश्वरी सोफ्यावर उलटी पडून फोनवर तिथल्या शाळा बघत होती. "मम्मा, वहाँ तो बास्केटबॉल भी है," ती म्हणाली.

गिरिजाने फोटोचं सांगितलं. रुपेशने सगळं ऐकून घेतलं, तसा तो ऐकतो नीट.

"म्हणजे बाई खूष, नातू खूष, तुझे सूद सर खूष. सोड ना मग. महिन्याभरात आपण इथे नसणार."

"म्हणूनच सोडवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण गेल्यावर त्या फोटोखाली तेच नाव कायम राहणार. कोणाला कधी कळणार पण नाही. मी काय, गावोगाव चुका पेरत जायचं?"

"अगं, चिडतेस कशाला?" रुपेश म्हणाला. ती चिडली होती खरी. तिने ट्रंका खाली काढायला घेतल्या आणि पहिलीच ट्रंक अर्धी भरून तशीच टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी ती अभिलेखागाराचे प्रमुख डॉ. सूद यांच्यासमोर उभी राहिली. सूद निवृत्तीला आलेले, शांत प्रकृतीचे गृहस्थ. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला उपाय चहा मागवणं हा असे. त्यांनी चहा मागवला.

"गिरिजाजी, त्रास कोणाला होतोय यात?"

"मला होतोय, सर."

"तो तर दिसतोच आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक आहे तर काढू. पण त्या जागी लावणार काय? लालाजींचा खरा फोटो आणा. पुस्तक मी थोडं थांबवतो. फार नाही थांबणार."

तिने लालाजींचा नातू अभिषेक याला फोन लावला. पंचकुल्यात त्याचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान होतं. आधी तो मानेचना. "आम्ही ओळखलं होतं, मॅडम, असं कसं?" मग त्याचा आवाज उतरला. दादाजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याचा जन्म. वडीलही आता नव्हते. घरात दादाजींचा फोटो कधी लावलेलाच नव्हता. वडील त्यांचं नाव निघालं की विषय बदलायचे. "तुमच्याकडून आला म्हणून आम्ही मानलं. सरकारी माणसं चूक थोडीच करतील?" आणि मग, अगदी हळू: "आम्ही तो मोठा करून दुकानात लावलाय. चंदनाचा हार घातलाय. रोज उदबत्ती लावतो मी."

"मी सांगते तुम्हाला," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

आता वाट एकच होती: खरे लालाजी कोणते, ते विद्यावंतीलाच विचारायचं. तिने अख्ख्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि पिंजौरची बस धरली.

विद्यावंती बाजारामागे पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एकटी राहत होती. मुलगी बद्दीला दिलेली, महिन्यातून एकदा येऊन जायची. गिरणी चालू असली की खोलीची जमीन थरथरायची आणि तिथल्या स्टीलच्या वाट्या आपोआप सरकायच्या. म्हातारीला त्याचं काही नव्हतं. बोलता बोलता ती वाटी मागे ढकलायची.

अख्खा फोटो बघताच तिने तो उजेडाला नेला. बोट फिरवत नावं घेऊ लागली. हा दूधवाला, ही शाळेची बाई, हा पोलीस, याने नंतर गाव सोडलं.

"आणि लालाजी?"

बोट डावीकडे गेलं. तिथे एक सडपातळ माणूस होता, गळा मोकळा, टोपी तिरकी. चेहरा ओळखू येईना. फोटो काढताना हलला होता, त्यामुळे नाक-डोळे धुरासारखे विस्कटलेले. पण तोंड उघडं होतं, बहुतेक मोठ्याने हसत होता.

"हे बघ. एक मिनिट उभे राहतील तर शपथ. फोटोवाला ओरडत होता, लालाजी हलू नका, लालाजी हलू नका. हार त्यांच्याच गळ्यात घातला होता गावाने. त्यांनी काढला आणि यांच्या गळ्यात टाकला. म्हणाले, बस हा चालवणार, मी काय चालवतो? लोक हसले. हे लाजले. हे बघ, लाजलेत की नाही?"

गिरिजाने पाहिलं. ज्याला ती इतके दिवस अध्यक्षाचा रुबाब समजत होती, ती लाजच होती.

मग विद्यावंतीने सगळं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये उठून, खिडकी लावून, परत उघडून. त्या बसने टिपरोलीच्या मुली पहिल्यांदा कालक्याच्या कॉलेजात जाऊ लागल्या. गुरदास उशीर झालेल्या पोरीसाठी भोंगा वाजवत थांबायचा. चंदीगडच्या मोठ्या इस्पितळातून लोकांची औषधं आणायचा. काही वर्षं अशी गेली. मग गाडीचे ब्रेक धरेनासे झाले. बस लालाजींनी आणली तरी तिचा मालक दुसराच होता. गुरदासने त्या मालकाच्या मुनिमाला सांगितलं, एकदा नाही, अनेकदा; एकदा तर लालाजींच्या दुकानात, लालाजींच्या देखत. मुनीम म्हणाला, चालव, सणानंतर बघू. सणाच्याच दिवसांत बस उतारावरून कोरड्या नाल्यात गेली. गावातली माणसं गेली त्यात. गुरदास वाचला.

"हे वाचले हाच गुन्हा झाला," म्हातारी म्हणाली. "मालकाने उठवलं, ड्रायव्हर प्यायला होता. हे दारूला शिवत नसत. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते कशाला ऐकतील? दारात आले, सामान बाहेर काढलं आणि पेटवलं. आमच्या लग्नाचा फोटो त्यातच गेला. मी त्यांना दोष देत नाही, पुत्तर. मी पण पेटवलं असतं."

"आणि लालाजी?"

"लालाजींनी कोर्टात उभं राहून सांगितलं. याने माझ्यादेखत ब्रेकचं सांगितलं होतं, हा प्यायलेला नव्हता. त्यांना सगळ्यांनी समजावलं होतं, निवडणूक आलीय, गप्प बसा. नाही बसले. हे सुटले. लालाजी पडले. त्यांच्या दुकानातून लोक मीठसुद्धा घेईनात. आम्ही इथे पिंजौरला आलो. यांनी परत स्टिअरिंगला हात लावला नाही. कारखान्यात रखवालदारी केली. कोणी फोटो काढायला लागलं की उठून जायचे."

गिरणी थांबली होती. खोली एकदम फार शांत झाली. गिरिजाच्या डोक्यात मात्र गलका चालला होता. लालाजींच्या चरित्रात तिने लिहिलं होतं: पुढील निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्या एका ओळीखाली हे सगळं दडलेलं होतं.

"मांजी, हे लिहायला हवं."

विद्यावंतीने फोटो खाली ठेवला. "नाही."

"पण लालाजींनी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट..."

"लालाजींचं काय बिघडलंय? नातू मोटारीतून हिंडतो. तू लिहिलंस की लोक म्हणतील, अच्छा, हाच तो ड्रायव्हर. आत्ता लोक त्यांना हात जोडतात. पाहिलंस ना तू? त्या मुलीने जोडले. जिवंतपणी कोणी जोडले नव्हते. नाव दुसऱ्याचं का असेना!"

"पण ते खोटं आहे, मांजी."

"खरं मी खूप भोगलंय," ती म्हणाली. गिरिजाने आणलेली प्रत तिने गुंडाळून परत तिच्या हातात दिली. "जा आता. माझी औषधाची वेळ झाली."

परतीच्या बसमध्ये गिरिजाला बसायला जागा होती, तरी ती दारापाशी उभी राहिली. चंडीमंदिरचा थांबा गेला आणि ती उतरायची विसरली. मनीमाजऱ्यापर्यंत गेली, तिथून रिक्षाने मागे आली.

पुढचे दिवस विचित्र गेले. ती घरी भांडी कागदात गुंडाळायची आणि मध्येच थांबायची. म्हातारीची संमती नसताना तिचं दुःख छापायचा आपल्याला काय हक्क? पण संमती नाही म्हणून भलत्याच माणसाचा चेहरा लालाजींच्या नावावर कायमचा ठेवायचा, हाही हक्क कोणी दिला? एकदा वाटलं, नुसता अख्खा फोटो लावावा, नावंच देऊ नयेत. पण मग लालाजी परत धुरासारखे, आणि गुरदास परत बेवारशी. रुपेश बिचारा गप्पपणे ट्रंकांवर नंबर घालत होता. एकदा फक्त म्हणाला, "करायचं ते कर, पण कर." ते तिला पटलं.

सोमवारी तिने स्वतःच्या हाताने तो फलक उतरवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. अभिषेकलाही फोन करून सांगितलं, की तो फोटो तुमच्या आजोबांचा नाही, हे नक्की झालंय.

नेमकी त्याच दुपारी विद्यावंती आली. कोपऱ्यात गेली, चौकोनाकडे पाहिलं, आणि या वेळी न सांगता खुर्चीत बसली. गिरिजा जवळ गेली तर तिने तोंड फिरवलं. गिरिजा तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि अभिषेक आत आला. तिशी ओलांडलेला, कानाला फोन. फोन खिशात टाकत तो थेट गिरिजावर आला.

"मॅडम, ही काय थट्टा आहे? अख्खा बाजार येऊन पाया पडलाय त्या फोटोच्या! गाडीत आणलाय मी, चादरीत बांधून. त्याचं करू काय आता? पूजा केलेली वस्तू, कचऱ्यात टाकता येत नाही. आणि आहे तरी कोण हा माणूस?"

बोलताना तो या फलकापासून त्या फलकापर्यंत येरझारा घालत होता. विद्यावंती त्याच्याकडे बघत होती.

"तू परसरामजींचा नातू," ती म्हणाली.

तो थांबला. "जी. आपण?"

"तोंड नाही गेलं तुझं त्यांच्यावर. चाल गेलीय. तेही असेच, चालत चालत बोलायचे." ती खुर्चीतून उठली. "तो माझा नवरा आहे. गुरदास. बसचा ड्रायव्हर."

अभिषेकचा चेहरा हळूहळू बदलला. ते नाव त्याने ऐकलेलं होतं. "तो ड्रायव्हर?" तो म्हणाला. "पापाजी सांगायचे, एका दारुड्या ड्रायव्हरपायी दादाजींनी घर बुडवलं. दुकान बसलं, गाव सुटलं. पापाजींनी सायकलवर फिरून नळाच्या तोट्या विकल्या, मांजी. त्याच माणसाला मी रोज उदबत्ती लावत होतो?"

"दारुडा नव्हता," विद्यावंती म्हणाली.

गिरिजाला वाटलं आता म्हातारी निघून जाईल. पण ती गेली नाही. पिंजौरच्या खोलीत जे तिने नको म्हटलं होतं ते ती त्या पोराला सांगू लागली, सगळ्या लोकांसमोर, उभ्यानेच. मुनीम, ब्रेक, दुकानातलं ते बोलणं, कोर्ट. लालाजी साक्ष देऊन बाहेर आले तेव्हा कोणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि ते तिच्यापाशी येऊन म्हणाले होते, बहेनजी, मी जे ऐकलं तेवढंच सांगितलं, उपकार मानू नका. हॉलमध्ये आलेली दोन-तीन माणसं फोटो बघायचं सोडून उभी होती. सूद आपल्या खोलीच्या दारात आले होते.

अभिषेक ऐकता ऐकता भिंतीपाशी गेला, परत आला. "पापाजींना हे माहीत होतं?"

"लहान होता तुझा बाप. लहान पोराला उपासमार कळते, साक्ष कळत नाही."

तो बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. गिरिजाला वाटलं गेलाच. मग तो चादरीत बांधलेला तो भला मोठा फोटो कवेत धरून आला. टेबलावर ठेवला. चादर सोडली. चंदनाचा हार तसाच होता.

"हा तुमचा आहे, मांजी. हार राहू द्या त्याला." मग गिरिजाकडे वळून, अजूनही जरा घुश्शातच, म्हणाला, "आणि दादाजींचं लिहायचं असेल तर पुरतं लिहा. नाहीतर लिहूच नका. आम्हाला हरलेला दादाजी चालेल. का हरला ते कळू दे."

गिरिजाने विद्यावंतीकडे पाहिलं. म्हातारी फोटोच्या काचेवरून चुन्नी फिरवत होती.

"लिही," ती शेवटी म्हणाली. "पण आधी बसचं लिही. रोज जायची, रोज यायची, ते. भोंग्याचं लिही. औषधांचं लिही. अपघात नंतर. लोकांनी सगळं उलटं लक्षात ठेवलंय."

सूद यांनी चहा मागवला.

त्या आठवड्यात गिरिजाने विद्यावंतीचा आवाज रेकॉर्ड केला, अभिषेकने त्याच्या आत्याला फोन करून तिच्या आठवणी मिळवल्या, आणि लालाजींचं चरित्र नव्याने लिहिलं गेलं. कोपऱ्यात आता अख्खा फोटो लागला. सूद यांनी नियमाचा घोळ घातला होता, की ड्रायव्हर हा कारभारी कसा. पण शेवटी गुरदासचं नाव लालाजींच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आलं. वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली, आतल्या पानावर. गिरिजाला वाटलं, आता जीव शांत होईल. ट्रक पुढल्या शनिवारी येणार होता.

निघायच्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑफिसात फोन वाजला. टिपरोलीहून. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, कडक.

"ड्रायव्हरचा फोटो लावलात तुम्ही? त्याच्या बायकोचा आवाज ठेवलात? माझी बहीण होती त्या बसमध्ये. तिचा कुठे आहे?"

गिरिजाने काही सबब सांगितली नाही. नाव विचारलं. मोहन. बहिणीचं नाव विचारलं. पद्मिनी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

"मी येऊ का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"येऊन काय करणार?"

"ऐकणार. तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं. ड्रायव्हरबद्दल वाईट बोलायचं असेल तर तेही ठेवू."

"उद्या या मग," तो म्हणाला आणि फोन आपटला.

घरी स्वयंपाकघर रिकामं झालं होतं, जेवण मेसमधून येत होतं. गिरिजा म्हणाली, उद्या मला टिपरोलीला जायचंय. रुपेशने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. तिला वाटलं, आता भांडण. पण तो म्हणाला, "काचेचं तेवढं तू बांधून जा. मी बांधलं की फुटतं." ईश्वरीने कान टवकारले होते. "मैं भी आऊँ?" तिने विचारलं. "नको," गिरिजा म्हणाली. मग विचार बदलून म्हणाली, "ये. पण तिथे फोन काढायचा नाही."

पिंजौरपर्यंत एक बस, तिथून दुसरी. रस्ता चढू लागला तशी ईश्वरी आईला खेटून बसली. डावीकडे खाली दगडगोट्यांनी भरलेला रुंद नाला दिसत होता, पाण्याचा थेंब नाही. गिरिजाने विचारलं नाही की हाच का तो. ड्रायव्हर तरुण होता, एका हाताने गाडी वळवत होता. प्रत्येक वळणावर गिरिजाचा पाय आपोआप खाली दाबला जात होता.

मोहन थांब्यावर उभा होता. उंच, वाकलेला, इस्त्रीचा शर्ट. त्याने नमस्कार केला नाही. 'चला' म्हणाला आणि पुढे चालू लागला. घरात त्याच्या सुनेने लस्सी दिली. कोनाड्यात एक फोटो होता, दोन वेण्यांची मुलगी, कॅमेऱ्याकडे भुवया उंचावून बघणारी. ईश्वरी त्याच्याकडे बघत राहिली.

"मी त्याला माफ केलेलं नाही," मोहन बसता बसता म्हणाला. "आधीच सांगतो. लालाजी काही म्हणोत."

"बरं," गिरिजा म्हणाली. तिने रेकॉर्डर मध्ये ठेवला आणि चालू केला.

तो त्या छोट्या लाल दिव्याकडे बघत बसला. रागाने आणलेले शब्द त्याला सापडत नव्हते.

"कुठून सुरुवात करू?" त्याने विचारलं.

"पद्मिनी कशी होती, तिथून," गिरिजा म्हणाली.

"भांडकुदळ," तो म्हणाला, आणि सांगू लागला.